वळणावर विमानाची उचल कां सुटते?



विमान हा शब्द आतां आपल्या घरांतला झाला आहे. माटुंगा, दादर, गिरगांव येथील पुष्कळ कुटुंबांतील मुलें परदेशीं असतात, आणि वर्षादोन वर्षांतून एकदां घरचीं वडील मंडळीहि विमानतळाची वाट धरतात. अलीकडे याच्याहि पुढची गोष्ट कानीं येते. कोणाची मुलगी बारामतीस विमान चालविण्यास शिकत असते, तर कोणाचा नातू त्याच शिक्षणासाठीं धुळ्यास किंवा गोंदियास गेलेला असतो. अशा घरांतून एक प्रश्न हटकून विचारला जातो: "आकाशांत इंजिन बंद पडलें तर काय?" प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु इंजिन उत्तम चालू असतां, विमानाचा एकहि खिळा सैल झालेला नसतां, केवळ एका चुकीच्या वळणानें विमान खालीं येऊं शकतें, ही गोष्ट फारच थोड्यांना ठाऊक असते. आज तिच्याविषयीं चार शब्द सांगावे, असें योजिलें आहे.

मी वैमानिक नव्हे. मुलांना गणित व पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेला एक शाळामास्तर आहें. पण हा विषय शाळेंतील त्रिकोणमितीच्या पलीकडे फारसा जात नाहीं, आणि म्हणूनच तो घरबसल्या समजून घेण्याजोगा आहे.

मुंबईकरांना त्याचें अगत्य वाटावें, यास आणखी एक कारण आहे. आपल्या देशांतील नागरी विमानविद्येचे आरंभीचे धडे ज्या थोड्या ठिकाणीं गिरविले गेले, त्यांत आपलें शहर अग्रभागीं आहे. जुहूचें विमानतळ १९२८ सालचें. १० फेब्रुवारी १९२९ रोजीं जे. आर. डी. टाटा यांना देशांतील पहिल्या क्रमांकाचा वैमानिक-परवाना मिळाला, तो मुंबईंतच. पुढें १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं कराचीहून टपाल घेऊन, अहमदाबादेस थांबून, ते आपल्या लहानशा पुस मॉथ विमानानें जुहूस उतरले. त्या विमानास जो नियम लागू होता, तोच बारामतीच्या आजच्या शिकाऊ विमानास लागू आहे, आणि तीनशें उतारू नेणाऱ्या जेट विमानासहि तोच लागू आहे.

या नियमाचा ज्या अवस्थेशीं संबंध येतो, तिला वैमानिक 'स्टॉल' म्हणतात. आपल्याला स्टॉल म्हटला कीं दादर स्टेशनावरचा वर्तमानपत्रांचा स्टॉल आठवतो. मोटार चालविणारा गृहस्थ गाडी 'स्टॉल' झाली म्हणतो, तेव्हां इंजिन बंद पडलें, एवढेंच त्यास म्हणावयाचें असतें. विमानाच्या स्टॉलचा या दोहोंशींहि संबंध नाहीं. विमानाचा स्टॉल म्हणजे पंखाची उचल सुटणें. त्या वेळीं इंजिन पुऱ्या जोरानें गर्जत असूं शकतें.

आतां पंख विमानास उचलून कसा धरतो, तें पाहूं. पंखाची पुढची कड किंचित् वर असते. समोरून येणारा वारा पंखाच्या खालून व वरून वाहतो आणि मागें सरतांना खालच्या दिशेस वळविला जातो. पंख हवेस खालीं ढकलतो आणि हवा पंखास वर ढकलते. पंखावरून जाणारा प्रवाह पंखाच्या पाठीस चिकटून वाहतो, हें येथें महत्त्वाचें. पंख व समोरून येणारा वारा यांमधील कोनास आपण आघातकोन म्हणूं. हा कोन वाढवीत गेलें कीं उचलहि वाढत जाते. पण याला एक मर्यादा आहे. साधारण पंधरा-सोळा अंशांच्या आसपास वरचा प्रवाह पंखाची वाकडी पाठ सोडून देतो, भोंवरे होऊन इतस्ततः फिरूं लागतो, आणि उचल वाढण्याऐवजीं एकाएकीं घटते. शास्त्रज्ञ पंखाच्या पाठीवर सुताचे लहान लहान तुकडे चिकटवून हें प्रत्यक्ष पाहतात. कोन थोडा असतां सगळीं सुतें शाळेंतल्या रांगेप्रमाणें सरळ मागें पडलेलीं असतात. मर्यादा ओलांडली कीं तींच सुतें फडफडूं लागतात, कांहीं तर उलटीं पुढें वळतात. हाच स्टॉल.

माणसानें याची किंमत फार आरंभींच मोजली आहे. जर्मनीतील ओटो लिलिएन्टाल या इंजिनियरानें स्वतः बांधलेल्या, इंजिन नसलेल्या विमानांतून सुमारें दोन हजार उड्डाणें केलीं. ९ ऑगस्ट १८९६ रोजीं अशाच एका उड्डाणांत त्याच्या विमानाचें नाक वर गेलें, उचल सुटली आणि सुमारें पंधरा मीटर उंचीवरून तो खालीं आला. दुसऱ्या दिवशीं त्याचा अंत झाला. राइट बंधूंनीं आपल्या पहिल्या विमानाचीं उंची आवरणारीं पृष्ठें पंखांच्या पुढें ठेविलीं, त्यांत लिलिएन्टालच्या या अपघाताचा धडा होता.

येथें कोणी विचारील, "सगळा खेळ कोनाचा आहे, तर मग स्टॉलचा वेग असें वैमानिक कां म्हणतात?" प्रश्न योग्य आहे. विमान सरळ व समपातळींत जात असतां पंखानें जेवढी उचल द्यावयाची, ती ठरलेली असते: विमानाच्या वजनाइतकी, ना अधिक ना उणी. वेग भरपूर असला म्हणजे ती थोड्या कोनांत मिळते. वेग कमी केला कीं तीच उचल मिळविण्यासाठीं वैमानिकास दांडी मागें ओढून नाक वर करावें लागतें, म्हणजेच आघातकोन वाढवावा लागतो. वेग आणखी कमी, कोन आणखी मोठा. असें करतां करतां एका वेगास कोनाची मर्यादा गांठली जाते. तो वेग म्हणजे स्टॉलचा वेग. लहान शिकाऊ विमानाचा हा वेग ताशीं नव्वद-शंभर किलोमीटरांच्या घरांत असतो. हिशेबाच्या सोयीसाठीं आपण एक असें विमान धरूं कीं ज्याचा स्टॉलचा वेग बरोबर १०० आहे.

विमानाच्या पुस्तकांत हा आंकडा छापलेला असतो, आणि वेगदर्शकाच्या तबकडीवर त्याची खूणहि केलेली असते. पण तो ठराविक वजनासाठीं, सरळ उड्डाणासाठीं आणि वेग हळूहळू कमी केला असतां मिळालेला असतो. वळणावर तो आंकडा खोटा ठरतो.

वळणाचें गणित समजण्यासाठीं आपल्या किंग्ज सर्कलला, म्हणजे आजच्या महेश्वरी उद्यानाला, सायकलवरून फेरी घालणाऱ्या मुलाकडे पाहावें. वेगानें वळतांना तो आपलें अंग व सायकल आंतल्या बाजूस कलती करतो. रस्ता सायकलीला जो रेटा देतो, त्यास आतां दोन कामें करावयाचीं असतात: मुलाचें वजन पेलणें आणि त्यास वर्तुळाच्या मध्याकडे वळवीत राहणें. साहजिकच हा रेटा नुसत्या वजनाहून मोठा असतो. विमानास रस्ता नाहीं. त्याचा रस्ता म्हणजे त्याच्या पंखाची उचल. वळतांना विमान एका कुशीवर कलतें आणि उचलीची दिशाहि त्याबरोबर कलते. तिचा एक भाग विमानास आंत वळवितो, आणि उरलेल्या भागानें वजन पेलावें लागतें. उरलेला भाग अर्थातच पुरत नाहीं. उंची गमवावयाची नसेल तर वैमानिकास एकूण उचलच वाढवावी लागते, आणि त्यासाठीं दांडी मागें ओढून आघातकोन वाढवावा लागतो. सरळ उड्डाणांत जो कोन मर्यादेच्या बराच आंत होता, तो आतां मर्यादेजवळ सरकतो.

एकूण उचल वजनाच्या किती पट झाली, त्या आंकड्यास आपण भारांक म्हणूं. समपातळींतील वळणांत भारांक म्हणजे एक भागिले कलाच्या कोनाची कोज्या. ज्यांना मॅट्रिकची त्रिकोणमिति आठवत असेल, त्यांनीं ताडून पाहावें. कल ३० अंश असतां भारांक १·१५, ४५ अंशांस १·४१, ६० अंशांस बरोबर २, आणि ७५ अंशांस ३·८६. साठ अंशांच्या वळणांत साठ किलोचा माणूस आसनावर एकशेंवीस किलोचा होऊन बसतो. त्याचा हात उचलतांना जड वाटतो, गाल खालीं ओढले जातात.

आतां वेगाचा भाग. हवेची उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. वेग दुप्पट तर उचल चौपट. म्हणून उलट हिशेब वर्गमुळानें होतो. भारांक दोन झाला तर स्टॉलचा वेग दोनाच्या वर्गमुळाइतक्या पटीनें, म्हणजे १·४१ पटीनें वाढतो. आपल्या १०० च्या विमानाचा स्टॉलचा वेग ३० अंशांच्या वळणांत १०७, ४५ अंशांत ११९, ६० अंशांत १४१ आणि ७५ अंशांत १९७ होतो. या आंकड्यांची चाल पाहा. पहिले तीस अंश जवळजवळ फुकट मिळतात. पुढील पंधरा अंशांना बारा किलोमीटर पडतात, त्यापुढील पंधरांना बावीस, आणि त्याहि पुढच्या पंधरांना छप्पन्न. उतार सौम्य वाटावा आणि पुढें एकाएकीं कडा लागावा, तसा हा प्रकार आहे. सिंहगडावर जाणाऱ्यांना ही उपमा निराळी समजावून सांगावयास नको.

येथें एक बारकावा ध्यानांत धरावा, कारण पुढचें सारें त्यावर अवलंबून आहे. स्टॉलचा वेग वाढतो तो विमान कलल्यामुळें नव्हे; कललेलें असतांना उंची राखण्यासाठीं दांडी ओढल्यामुळें. साठ अंश कललेलें विमान जर वैमानिकानें दांडी सैल सोडून खालीं झुकूं दिलें, तर भारांक दोन होतच नाहीं आणि स्टॉलचा वेगहि तेवढा चढत नाहीं. उलट पंख अगदीं समतल असले तरी सुरकांडी मारून वर येतांना दांडी झटक्यानें ओढली, तर मोठ्या वेगांतहि उचल सुटते. नाक आकाशाकडे असो वा जमिनीकडे, वेगदर्शकाचा कांटा कितीहि दाखवीत असो, कोनाची मर्यादा ओलांडली कीं स्टॉल ठरलेला.

निसर्गाच्या या कठोर नियमांत एक उपकारहि दडलेला आहे. स्टॉलच्या दुप्पट वेगानें जाणारा पंख जास्तींत जास्त चौपट भार उचलूं शकतो. त्याहून अधिक मागितला तर त्याची उचल सुटते. साधारण लहान विमानांची बांधणी वजनाच्या ३·८ पट भार सोसण्याइतकी असते. ३·८ चें वर्गमूळ सुमारें १·९५. म्हणजे आपल्या विमानाचा वेग १९५ च्या आंत असतां एकदां कितीहि जोरानें दांडी ओढली, तरी पंख मोडण्यापूर्वीं त्याची उचल सुटेल. घरांतला फ्यूज तार जळण्याआधीं स्वतः जातो, तसेंच हें. म्हणूनच वादळी हवेंत वैमानिक वेग या मर्यादेच्या आंत ठेवतात. मात्र दांडी व सुकाणूं उलटसुलट झटके देऊन वापरण्याची ही सनद नव्हे. तसें केल्यास शेपटावर निराळेच ताण येतात.

भाराशिवाय दुसऱ्याहि कांहीं गोष्टी हा वेग कमी-जास्त करतात. पहिली गोष्ट वजन. टाक्या भरलेल्या व चारी आसनें व्यापलेलीं विमानें अधिक वेगांत स्टॉल होतात. वजन दहा टक्क्यांनीं वाढलें तर स्टॉलचा वेग सुमारें पांच टक्क्यांनीं वाढतो. येथेंहि वर्गमुळाचाच नियम. दुसरी गोष्ट हें वजन कोठें ठेविलें आहे ती. सामान पुढें अधिक असलें म्हणजे नाक जड होतें, शेपटास खालीं दाब द्यावा लागतो, आणि तो दाबहि शेवटीं पंखासच वाहावा लागतो. म्हणून स्टॉलचा वेग वाढतो. सामान मागें सरकविलें तर हा वेग किंचित् कमी होतो खरा, परंतु उचल सुटल्यावर नाक खालीं येण्यास कांकूं करतें, आणि हें अधिक भयंकर. चढतांना सामान कोठें ठेवावें आणि कोणीं कोठें बसावें, हें लहान विमानाचा वैमानिक बजावून सांगतो, त्याचें कारण हें.

तिसरी गोष्ट पंखाच्या मागील कडेस असलेल्या फ्लॅप नांवाच्या झडपा. त्या खालीं केल्या कीं पंखाचा बांक वाढतो आणि लहान विमानांत स्टॉलचा वेग दहापंधरा टक्क्यांनीं उतरतो. पण मंद गतींत वळत असतांना त्या एकाएकीं वर घेतल्या, तर उतरलेला वेग तत्काळ पुन्हां चढतो. चौथी गोष्ट इंजिनाचा जोर. पुढील पंखा मागें जो वारा फेंकतो, तो पंखाच्या कांहीं भागावरून वाहून उचलीस हातभार लावतो. इंजिन मंद केलें कीं तो हातभार जातो. पांचवी गोष्ट पंखाची पाठ. तिच्यावर बर्फाचा किंवा चिकटलेल्या घाणीचा खरखरीत थर असला तर प्रवाह लवकर सुटतो. छापील आंकड्यावर मग कांहींच भरवसा ठेवतां येत नाहीं. उंचीविषयीं मात्र एक गैरसमज असतो. उंचावर हवा विरळ असते, पण वेगदर्शक यंत्रहि त्याच विरळ हवेचा दाब मोजतें; म्हणून लहान विमानाचा कांटा स्टॉलच्या वेळीं जवळजवळ तोच आंकडा दाखवितो. खरा वेग मात्र अधिक असतो. तीन हजार मीटरांवर सुमारें सोळा टक्क्यांनीं.

पुण्यास हडपसरच्या बाजूला राहिलेल्यांनीं बिनइंजिनाचीं ग्लायडर विमानें पाहिलीं असतील. विंचच्या लांब तारेनें ओढून तीं वर चढविण्याची पद्धत आहे. चढतांना तार विमानास पुढें ओढते तशी खालींहि ओढते, आणि पंखास वजनाबरोबर तारेचाहि ताण पेलावा लागतो. विमान कुठेंहि वळलेलें नसतें, तरी त्याचा स्टॉलचा वेग वाढलेला असतो. भार कोठून आला हें पंख विचारीत नाहीं, याचें हें चांगलें उदाहरण आहे.

आतां ज्या वळणावर खरा धोका असतो, त्याकडे येऊं. उतरावयास आलेलें लहान विमान धांवपट्टीला समांतर जाऊन एक वळण घेतें, थोडें आडवें जातें आणि मग शेवटचें वळण घेऊन धांवपट्टीच्या रेषेंत येतें. या वेळीं उंची दीड-दोनशें मीटरांच्या आसपास, इंजिन मंद, आणि वेग साधारणपणें स्टॉलच्या १·३ पट, म्हणजे आपल्या विमानाचा १३०. आतां जमाखर्च मांडूं. सरळ उड्डाणांत शिल्लक ३०. तीस अंशांच्या समपातळींतील वळणांत शिल्लक २३. अजून घाबरण्याचें कारण नाहीं. समजा, मागून वारा लागल्यामुळें विमान जमिनीवरून अधिक झपाट्यानें सरकलें आणि धांवपट्टीची रेषा ओलांडून पुढें जाऊं लागलें. वैमानिक तें परत आणण्यासाठीं कल ४५ अंशांवर नेतो आणि उंची जाऊं नये म्हणून दांडी ओढतो. शिल्लक उरली ११. विमान दहा टक्के अधिक भरलेलें असेल तर ११९ चे १२५ होतात आणि शिल्लक पांचावर येते. तेवढ्यांत दांडी ओढल्यानें वेगहि थोडा घटतो, किंवा वाऱ्याचा एक झोत खालून लागून आघातकोन क्षणभर वाढतो. झालें, वही कोरी! प्रत्येक खर्च किरकोळ होता, पण सगळे एकाच वळणावर एकाच खात्यांतून झाले.

याहूनहि वाईट प्रकार असा. जमीन जवळ आहे म्हणून कित्येकांना अधिक कलण्याची भीति वाटते. मग ते कल तेवढाच ठेवून पायानें सुकाणू दाबतात आणि विमानाचें नाक ओढून आणूं पाहतात. विमान बाहेरच्या बाजूस घसरत वळूं लागतें. आंतला पंख आधींच बाहेरच्या पंखाहून सावकाश चालत असतो, आणि उतरत्या वळणांत त्याचा आघातकोनहि अधिक असतो. अशा वेळीं दोन्ही पंखांची उचल एकदम सुटत नाहीं. आंतल्या पंखाची आधीं सुटते. विमान त्याच अंगावर पलटी खातें आणि गिरकी घेत खालीं जातें. तें सांवरण्यासाठीं वैमानिक दांडी विरुद्ध बाजूस नेतो, तेव्हां खालच्या पंखावरील झडप आणखी खालीं जाऊन त्याचा कोन वाढतो. औषधानेंच रोग बळावतो. हजार मीटर उंचीवर हें घडलें तर सांवरण्यास सवड असते. शेवटच्या वळणावर ती नसते.

हा धोका केवळ नवशिक्यांचा आहे, असेंहि नाहीं. २४ जून १९९४ रोजीं अमेरिकेंतील फेअरचाइल्ड तळावर बी-५२ जातीचें प्रचंड लढाऊ विमान प्रदर्शनाच्या सरावांत नियंत्रण-मनोऱ्याभोंवतीं अत्यंत खालून व अति कलून वळत असतां कोसळलें. त्यांतील चारहि माणसें गेलीं. २८ जुलै १९१० नव्हे, अगदीं आपल्या काळांत, २८ जुलै २०१० रोजीं अलास्कांतील एल्मेनडॉर्फ तळावर सी-१७ जातीच्या मालवाहू विमानानें अशाच सरावांत कल साठ अंशांपर्यंत नेला. उचल सुटत आल्याची सूचना यंत्रानें दिली होती, तरी वळण चालूच राहिलें. तेथेंहि चौघेजण मृत्युमुखीं पडले. दोन्ही विमानांचे चालक अनुभवी होते. अनुभव हवेचा नियम बदलीत नाहीं.

मग उपाय कोणता? उपाय सांगावयास एका वाक्याचा आहे: ओढ सैल करा. दांडी पुढें सोडली कीं आघातकोन कमी होतो, प्रवाह पंखास पुन्हां चिकटतो आणि उचल परत येते. मग इंजिनाचा जोर वाढवावा, पंख समतल करावे आणि हलक्या हातानें वर यावें. वाक्य सोपें, पण हाताला तें पटत नाहीं. जमीन समोरून येत असतां नाक आणखी खालीं करावयाचें, हें माणसाच्या जन्मजात बुद्धीच्या विरुद्ध आहे. १ जून २००९ रोजीं अटलांटिक महासागरावर एअर फ्रान्सच्या विमानाचा स्टॉल झाला. तें वळणावर नव्हतें. पण सुमारें साडेतीन मिनिटें तें खालीं पडत असतांना नाक वर करण्याचेच प्रयत्न बहुतेक चालू होते. २२८ माणसें त्यांत गेलीं. उलट २५ ऑगस्ट १९१२ रोजीं इंग्लंडांत लेफ्टनंट विल्फ्रेड पार्क यांचें विमान गिरकींत सांपडलें. दांडी मागें ओढून कांहीं साधत नाहीं असें पाहून त्यांनीं सुकाणू गिरकीच्या उलट दिशेस दाबलें, आणि जमीन अगदीं जवळ आली असतां विमान सांवरलें. उतरल्यावर त्यांनीं आपण काय केलें तें इतरांस सांगितलें, आणि त्यांतून पुढील पिढ्यांना धडा मिळाला.

म्हणूनच प्रत्येक शिकाऊ वैमानिकाकडून स्टॉल मुद्दाम करवून घेतात. भरपूर उंचीवर, शिक्षक शेजारीं बसला असतां, पुनःपुन्हां. विमान आधीं थरथरतें, दांडी ढिली लागते, सूचनेचा भोंगा वाजतो. हीं सर्व लक्षणें ओळखून हात आपोआप सैल व्हावा, इतका तो सराव असतो. शेवटच्या वळणासाठीं शिक्षक एक साधा दंडक घालून देतात: कल तीस अंशांपलीकडे नेऊं नये, रेषा चुकली तर ती हट्टानें गांठूं नये, पुन्हां वर जाऊन नवी फेरी घ्यावी. आजच्या मोठ्या विमानांत आघातकोन मोजणारीं यंत्रें असतात, आणि कांहींत तर संगणकच चालकास मर्यादेपलीकडे जाऊं देत नाहीं. पण लहान शिकाऊ विमानांत ही मर्यादा बहुधा चालकाच्या हातांतच राखावी लागते.

पक्ष्यांना हें ज्ञान कोणी शिकविलें कोण जाणे. माटुंग्याच्या फाइव्ह गार्डन्सवर दुपारच्या तापल्या हवेंत घिरट्या घालणारी घार पाहावी. तिची वळणें बेतशीर असतात. झाडावर उतरतांना तिचा पंख मोठ्या कोनांत जातो, तेव्हां पंखाच्या पुढील कडेस, आंगठ्याच्या जागीं, पिसांचा एक लहानसा झुपका उभा राहतो. त्याच्या फटींतून जाणारा वारा वरच्या प्रवाहास पंखाशीं धरून ठेवतो. पहिल्या महायुद्धानंतर हँडले पेज यांनीं विमानाच्या पंखास जी पुढील फट दिली, ती याच तत्त्वावरची. पुढें आलेल्या पुष्कळ टायगर मॉथ विमानांच्या पंखांवरहि ती असे. तरीहि फटीनें मर्यादा थोडी पुढें सरकते, नाहींशी होत नाहीं.

ज्यांच्या घरचें मूल उडावयास शिकत आहे, त्यांना शेवटीं एक सुचवावेंसें वाटतें. दूरध्वनीवर त्यास "जेवलास का?" हें अवश्य विचारावें. पण त्याबरोबर, आज उतरतांना किती वेळां रेषा सोडून पुन्हां वर गेलास, हेंहि विचारावें. त्यानें दोनदां गेलों म्हणून सांगितलें, तर तें अपयश समजूं नये. त्याची पाठ थोपटावी. परत फिरण्याची लाज ज्याला घरांतच वाटेनाशी झाली आहे, तो शेवटच्या वळणावर दांडी ओढीत बसत नाहीं.